कल्पनाला पानं उलटायची होती

विनोदिनी दिघेंच्या इतिहासाच्या नोट्स माहीत नाहीत अशी बारावीची मुलगी उज्जैनमध्ये सापडणं कठीण होतं. मुलींच्या सरकारी शाळेत त्या सत्तावीस वर्षं इतिहास शिकवत होत्या. त्यातल्या वीस वर्षांत त्यांनी अकरा युनिटच्या नोट्स स्वतः टाइप केल्या होत्या आणि दर उन्हाळ्यात त्यात थोडं कमीजास्त करत आल्या होत्या. टावर चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात नुसतं "दिघे मैडम वाले" म्हटलं की दुकानदार खालच्या खणातून गठ्ठा काढून द्यायचा. एका कोचिंगवाल्यानं तर वरचं नाव काढून स्वतःचं छापलं होतं. बाईंना ते कळलं होतं. त्या रागावल्या, पण मनातून जरा सुखावल्याही.

टायपिंग त्या लग्नाआधी शिकल्या होत्या, हिंदी मशीनवर, रीतसर परीक्षा देऊन. पुढे शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा कृतिदेव फॉन्टचा कीबोर्ड जवळजवळ तोच निघाला. बाकीचे मास्तर एका बोटानं अक्षरं शोधत बसायचे तेव्हा बाईंची दहाही बोटं चालायची. "मला काही नवीन शिकावं लागलं नाही," असं त्या कौतुकानं सांगत. पुढे हे वाक्य त्यांनाच नको झालं.

जूनच्या शेवटी वर्गात कल्पना मालवीय आली. वडील ऑटो चालवायचे. गावाकडून येऊन नानाखेड्याला खोली घेतली होती. कल्पनाला तेराव्या वर्षी तापात डोळ्यांनी दिसेनासं झालं. दोन वर्षं घरी बसली, मग हट्टानं पुन्हा शाळेत गेली आणि दहावी, अकरावी पास झाली. ती पहिल्या बाकावर बसायची. काठी घडी करून मांडीवर, फोन हातात आणि इअरफोन एकाच कानात, कारण दुसरा कान शिकवणं ऐकायला मोकळा हवा. फोनच्या पडद्यावर जे असेल ते फोनमधली बाई वाचून दाखवायची. त्यावर तिचं सगळं चालायचं.

पहिल्या आठवड्यात बाईंनी नेहमीप्रमाणे पहिल्या युनिटची फाइल वर्गाच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर कल्पना जागची उठली नाही.

"मैडम, आपकी फाइल मेरे फोन में शायद ठीक से आई नहीं."

"क्यों, खुल नहीं रही?"

"खुलती है. आप ही सुन लीजिए."

तिनं इअरफोन काढला आणि फोन बाईंच्या पुढे धरला. बाईंना तोंडपाठ असलेलं पहिलं वाक्य 'भारत का इतिहास' असं सुरू होत होतं. फोनमधली बाई अगदी शांतपणे म्हणाली, "एच के के जे आर, डी के, बी एफ आर जी के एल."

बाईंनी फोन हातात घेऊन पाहिलं. पडद्यावर स्वच्छ हिंदी होतं. बोट खाली नेलं. फोन पुन्हा एच, के, जे म्हणत सुटला.

"पूरी फाइल ऐसी ही है मैडम. मैंने आख़िर तक सुनी, कि शायद आगे ठीक हो जाए."

आख़िर तक म्हणजे बावीस पानं. तेवढी पानं या मुलीनं नुसती इंग्रजी अक्षरं ऐकली होती, कुठेतरी हिंदी सुरू होईल या आशेवर. विनोदिनीबाईंनी फोन तिला परत दिला.

त्या तडक अनिकेतकडे गेल्या. अनिकेत हा कॉम्प्युटर शिकवणारा अतिथी शिक्षक, तिशीतला. मराठी समाजाच्या गणपतीत लहानपणापासून बाईंच्या समोर वाढलेला. इतरांसमोर तो त्यांना मॅडम म्हणे, एकट्यात काकू.

"काकू, हे असंच होणार," तो म्हणाला. "कृतिदेवमध्ये आत हिंदी नसतंच. आत इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना फक्त हिंदीचा चेहरा देतो. आपल्याला चेहरा दिसतो. तिचा फोन आतलं वाचतो."

"म्हणजे वीस वर्षं मी इंग्रजी अक्षरं लिहीत होते?"

"वीस वर्षं सगळेच लिहीत होते. कुणाला कळायचं कारणच पडलं नाही न."

बाई खुर्चीवर बसल्या. "मग आता?"

"सगळ्यात सोपं म्हणजे तुम्ही वाचून रेकॉर्ड करा आणि ऑडिओ पाठवून द्या. एका आठवड्यात काम संपेल."

हे बाईंना पटलं. त्यांनी लगेच कल्पनाला बोलावून सांगितलं. वाटलं, पोरगी खूश होईल. कल्पनानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नहीं मैडम. थैंक्यू, पर नहीं. आवाज़ में कुछ ढूँढ नहीं सकते. कोई सवाल आया तो बाकी लड़कियाँ पन्ना पलटकर देख लेती हैं. मैं चालीस मिनट की आवाज़ में कहाँ खोजूँ? नाम की स्पेलिंग भी पता नहीं चलती. दो साल ऑडिओ से ही पढ़ी हूँ. मुझे भी पन्ना पलटना है."

 सत्तावीस वर्षांत कुठल्या विद्यार्थिनीनं त्यांच्या तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "तो पन्ने ही बनाएँगे."

शाळेच्या लॅबमध्ये अकरा कॉम्प्युटर होते, त्यातले सहा चालत. कुठलंही नवं सॉफ्टवेअर टाकायचं तर पासवर्ड लागे, आणि तो ज्या बाबूंना माहीत होता त्यांची बदली होऊन चार वर्षं झाली होती. अनिकेतनं ही अडचण हसण्यावारी नेली.

"काकू, काही टाकायचंच नाहीये. ब्राउझर उघडा. हे पान बघा, फुकट आहे. डावीकडच्या चौकटीत तुमचं जुनं चिकटवायचं, मधलं बटण दाबायचं, उजवीकडे खरं हिंदी बाहेर." असं म्हणत त्यानं माऊस घेतला आणि टकटक करून काहीतरी केलं.

"हात काढ," बाई म्हणाल्या.

"हो, फक्त हे एवढं..."

"अनिकेत, हात काढ. तू केलंस तर मला येणार नाही. मी करते, तू उभा राहा."

त्यांना वीस मिनिटं लागली. चौकटीत चिकटवताना अर्धं युनिट राहून गेलं, मग दोनदा चिकटलं. पण शेवटी बटण दाबलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बावीसच्या बावीस पानं उजवीकडे येऊन पडली. बाईंना वाटलं, इतकंच होतं तर! अकरा युनिट अकरा दिवसांत. त्यांनी तिथूनच कल्पनाला पाठवलं आणि घरी जाताना पतीसाठी, शरच्चंद्रांसाठी, कचोऱ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कल्पना वर्गात शिरतानाच हसत होती.

"मैडम, सब समझ में आया. बस एक बात. ये ज्तमंजल कौन था? कोई राजा?"

"कौन?"

"ज्तमंजल. चार बार आता है. हर बार संधि के बाद."

बाईंनी फाइल उघडली. पुढे स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलींच्या सोयीसाठी त्या महत्त्वाच्या शब्दांपुढे कंसात इंग्रजी शब्द द्यायच्या. संधीपुढे 'ट्रीटी' लिहिलं होतं. बिचाऱ्या यंत्राला तो शब्द इंग्रजी आहे हे कुठून कळणार? त्यानं तोही जुन्या फॉन्टचा समजून त्याचं हिंदी करून टाकलं होतं. बाई वर्गासमोर खळखळून हसल्या. मग शेवटपर्यंत फाइल पाहिली आणि हसू थांबलं. असे शब्द एकेका पानावर सहा-सात होते. शिवाय जोडाक्षरांपाशी वेलांट्या भलत्या अक्षरावर बसल्या होत्या, रफार पुढे सरकले होते, दोन तक्त्यांचा चुरा झाला होता. डोळ्यांनी वाचणाऱ्याला अंदाजानं कळलं असतं. ऐकणाऱ्याला नाही.

म्हणजे प्रत्येक ओळ तपासावी लागणार होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी शरच्चंद्रांना सांगितलं, "उद्यापासून मी नऊलाच शाळेत पोचणार. शाळा साडेदहाला लागते, तोवर लॅबमध्ये बसेन."

शरच्चंद्र बँकेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी पेपर खाली केला. "डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलंय तुझं. डॉक्टरांनी स्क्रीन कमी पाहायला सांगितलंय न?"

"कमीच पाहीन. अक्षर मोठं करता येतं, अनिकेतनं दाखवलंय."

"अगं, दोन वर्षं राहिली नोकरीची. एका मुलीसाठी..."

"अहो, एका मुलीसाठी म्हणून नाही," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "हो, एका मुलीसाठीच. दुसरी अशी कुणी आलेलीच नाही आत्तापर्यंत. आल्या असतील त्या मला न विचारता निघून गेल्या असतील."

शरच्चंद्रांनी पेपर पुन्हा वर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांचा डबा त्यांनीच भरून ठेवला होता.

तेव्हापासून रोज नऊला लॅब. कल्पनाचे वडील पहिली सवारी घेण्याआधी तिला शाळेच्या फाटकाशी सोडत. दोघी शेजारी बसत. बाई जुनी फाइल आणि नवं पान पुढे ठेवून ओळीवरून ओळ नेत. कल्पना तेच पान फोनवर ऐके, आणि ते इतक्या वेगानं की बाईंना तो आवाज चाळणीतून मटार ओतल्यासारखा वाटे. मध्येच ती हात वर करी. "रुकिए. दूसरे पैरा में कुछ टूटा है." बाई पाहत. तुटलेलं असेच. पुष्कळदा बाईंच्या डोळ्यांतून सुटलेलं तिच्या कानाला सापडे.

श्रावणात सोमवारी देवाच्या सवारीच्या मिरवणुकीमुळे शाळेला सुट्टी आणि रविवारी शाळा, असं वेळापत्रक झालं. रविवारी निम्मा स्टाफ गैरहजर असे. या दोघी मात्र हजर.

पाचव्या युनिटला दणका बसला. बाई दीड तास त्या बदलणाऱ्या पानाच्या चौकटीतच दुरुस्त्या करत होत्या. तेवढ्यात दिवे मिचकले, पंखा थांबला, कॉम्प्युटर काळा झाला. परत सुरू केला तेव्हा चौकट कोरी होती. बाईंनी दोनदा मागे जायचं बटण दाबून पाहिलं. तरी कोरी.

"गया?" कल्पनानं विचारलं.

"गया."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना रडू येत होतं आणि या मुलीला ते दिसणार नाही म्हणून आवरायची गरजही नव्हती, असं त्यांना वाटलं. पण कल्पनानं विचारलं, "मैडम, आप ठीक हैं?" आणि डोळे पुसून त्या उठल्या.

"अनिकेत को बुलाकर लाती हूँ. ये दोबारा नहीं होना चाहिए."

अनिकेतनं त्यांना ब्राउझरमध्येच लिहायचं एक पान उघडून दिलं. तिथे टाइप केलेलं आपोआप साठत जाई, वीज गेली तरी शेवटची ओळ शाबूत. ते पान कल्पनाला त्याच क्षणी स्वतःच्या फोनवर दिसे, म्हणजे तिला वाचता येई, आणि फाइली इकडून तिकडे पाठवणं संपलं. बाईंनी एका वहीत क्रमवार लिहून घेतलं: आधी बदलायचं, मग लगेच इथे आणून ठेवायचं, मगच दुरुस्ती. कल्पनानं आणखी एक मागितलं. "मैडम, आप हेडिंग को बस मोटा कर देती हैं. मोटा मुझे सुनाई नहीं देता. हेडिंग को सच में हेडिंग बना दीजिए, तो मैं एक से दूसरी पर कूद सकती हूँ." मथळा जाड करणं आणि मथळा म्हणून नोंदवणं यात फरक असतो, हे बाईंना साठाव्या वर्षी सतरा वर्षांच्या मुलीकडून कळलं. त्या मागे फिरल्या आणि पहिल्या चार युनिटचे सगळे मथळे नीट केले.

ऑगस्टमध्ये प्रिन्सिपॉल मॅडमनी बोलावलं. टेबलावर मुलींच्या कागदपत्रांचा ढीग होता.

"दिघे मैडम, पोर्टल पर एक सौ चालीस लड़कियों के फ़ोटो और मार्कशीट चढ़ाने हैं. फ़ोटो पचास केबी से कम, मार्कशीट की एक ही पीडीएफ. हर साल दो लोग तीन दिन साइबर कैफ़े में बैठते हैं. इस बार आप और सक्सेना जी." आणि मग थोडं हलक्या आवाजात, "सुना है आप रोज़ लैब में बैठती हैं. उस बच्ची को परीक्षा में लिखनेवाला राइटर मिल जाएगा, पास तो हो ही जाएगी. आप क्यों परेशान होती हैं?"

बाईंनी ढिगाकडे पाहिलं. या दोन महिन्यांत नोट्ससाठी ब्राउझरमध्ये केलेल्या शोधाशोधीत आणखी बरंच काही त्यांना सापडलं होतं. "मैडम, ये काम मैं अकेली कर दूँगी, यहीं स्कूल में. दो सुबह में. बदले में लैब की चाबी फ़रवरी तक मेरे पास रहेगी."

"दो सुबह में?"

"हो गया तो चाबी. नहीं हुआ तो साइबर कैफ़े."

एक पान असं होतं की शंभर फोटो एकदम आत टाकले की सगळे हव्या त्या मापाचे होऊन बाहेर येत, आणि फोटो कुठेही न जाता आपल्याच कॉम्प्युटरवर लहान होत. मुलींचे फोटो भलतीकडे जाऊ नयेत म्हणून अनिकेतकडून त्यांनी हे आधी नीट विचारून घेतलं होतं. तशाच दुसऱ्या पानावर वेगवेगळ्या पीडीएफ जोडल्या जात. पहिल्या सकाळी फोटो झाले, दुसऱ्या सकाळी मार्कशीटा. तेरा मार्कशीटा उलट्या स्कॅन झाल्या होत्या, त्याही सरळ केल्या. तिसऱ्या दिवशी सक्सेना सर पिशवी घेऊन साइबर कॅफेला जायच्या तयारीनं आले आणि काम संपलंय म्हटल्यावर जरा हिरमुसले. किल्ली बाईंच्या पर्समध्ये गेली.

दिवाळीपर्यंत अकरा युनिट उरकले. राहिले शेवटचे तीन. अभ्यासक्रम बदलला तेव्हा हे तीन बाईंनी हातानं लिहून काढले होते आणि टाइप करायचे राहूनच गेले होते. फोटोतलं अक्षर ओळखणारं एक पान त्यांनी वापरून पाहिलं. छापील पुस्तकाचं पान त्यानं झकास ओळखलं, बाईंच्या हस्ताक्षराची मात्र त्यानं अशी गत केली की ती ज्तमंजलालाही लाजवील. त्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन आठवडे स्क्रीन बंद.

दोन आठवडे त्या घरी काळा चष्मा लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, लॅपटॉप आणा. मी स्क्रीनकडे पाहणार नाही. तुम्ही मला हे वाचून दाखवा, मी बोलते."

"कुणाशी?"

"कॉम्प्युटरशी. बोललेलं तो लिहून घेतो. त्या पानावर माइकचं चित्र आहे बघा, ते दाबा."

शरच्चंद्रांनी माइक दाबला. ते हस्ताक्षरातली एक ओळ हळू आवाजात वाचत, बाई ती कॉम्प्युटरला खणखणीत हिंदीत सांगत. बाईंचं हिंदी उज्जैनचंच होतं, पण यंत्राला कुठेतरी त्यात मराठी लागत असावी. रैयतवाड़ी व्यवस्थेची त्यानं 'रेत वाली व्यवस्था' केली. बंगालच्या दीवानीची दिवाळी केली. शरच्चंद्र चष्म्यावरून बघत प्रत्येक चूक सांगत आणि एका बोटानं ती दुरुस्त करत. बारावं युनिट संपलं त्या दिवशी ते म्हणाले, "तू हे सगळं शिकवतेस हे मला माहीत होतं. काय शिकवतेस ते आज कळलं." बत्तीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं. बाईंनी चहा मागितला.

डिसेंबरच्या सुरुवातीला चौदाही युनिट तयार झाले. बाईंना वाटलं, संपलं. मग एका सकाळी लॅबमध्ये कल्पना म्हणाली, "मैडम, एक बात पूछूँ? नाराज़ मत होना."

"पूछो."

"स्थायी बंदोबस्त का साल पहली यूनिट में सत्रह सौ तिरानबे है. नौवीं में सत्तानबे. दोनों में से कौन-सा याद करूँ?"

"तिरानबे. सत्तानबे मशीन की गड़बड़ होगी. बदलते वक़्त आँकड़ा पलट गया होगा."

"मुझे भी यही लगा. पर बाकी सब आँकड़े तो ठीक हैं."

बाईंनी जरा चिडूनच जुनी फाइल उघडली. नववं युनिट, चौथं पान. त्यांच्या स्वतःच्या टायपिंगमध्ये, वीस वर्षांपूर्वीपासून, १७९३ च्या जागी १७९७ लिहिलेलं होतं. झेरॉक्सच्या गठ्ठ्यांत, कोचिंगवाल्याच्या चोरलेल्या प्रतीत, शेकडो मुलींच्या वह्यांत तेच गेलं असणार. एकीनंही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही कधी दिसलं नव्हतं.

"तुला कसं सापडलं?" त्यांनी मराठीतच विचारलं, आणि मग भानावर येऊन हिंदीत.

"मैंने 'बंदोबस्त' ढूँढा. जहाँ-जहाँ है, सब एक के बाद एक सुन लिया. अब ढूँढ सकती हूँ न."

 बाईंना लाज वाटली, हे खरं. ती चूक गुपचूप सुधारता आली असती. कल्पना कुणाला सांगणारी नव्हती. त्यांनी आकडा दुरुस्त केला आणि साडेदहाच्या घंटेनंतर वर्गात जाऊन फळ्यावर दोन्ही सन लिहिले.

"इनमें से दूसरा ग़लत है. मेरी ग़लती है, बीस साल पुरानी. आज कल्पना ने पकड़ी. सब अपनी कॉपी में ठीक कर लो, और जिसकी दीदी ने मुझसे पढ़ा हो, उसे भी बता दो."

वर्गात चुळबुळ झाली. कल्पना मान खाली घालून बसली होती, पण तिचे कान लाल झाले होते. मागच्या बाकावरची मुक्ता, जिची ताई खरंच बाईंकडे शिकली होती, ती मधल्या सुट्टीत कल्पनाच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "वो वाली फाइल मुझे भी भेज न. उसमें जल्दी मिल जाता है सब." आठवड्याभरात अर्ध्या वर्गाकडे नव्या नोट्स होत्या.

त्यानंतर बाई टावर चौकात गेल्या, झेरॉक्सवाल्याकडून जुना गठ्ठा परत मागितला आणि नवी फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर टाकून दिली. "पुरानी वाली अब किसी को मत देना," असं त्याला दोनदा बजावलं.

फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा झाली. कल्पनाला नववीतली एक मुलगी लेखनिक म्हणून मिळाली. इतिहासाच्या पेपरच्या दिवशी बाईंची ड्युटी दुसऱ्या शाळेत होती, त्यामुळे पेपर कसा गेला ते त्यांना संध्याकाळी फोनवर कळलं.

"मैडम, राइटर धीरे लिखती थी. एक सवाल छूट गया. आता था मुझे."

"कितने नंबर का?"

"चार का."

"चार छोड़. बाकी?"

"बाकी सब बोला. हेडिंग के साथ बोला."

मे महिन्यात निकाल लागला. कल्पनाला इतिहासात एक्याऐंशी मिळाले. वर्गात चौघींना तिच्यापेक्षा जास्त होते. कल्पनाला त्याचं दुःख नव्हतं, पण सुटलेल्या प्रश्नाबद्दल ती अजून चरफडत होती, आणि बाईंना ते फार आवडलं. निकालाच्या दिवशी तिचे वडील ऑटो घेऊन बाईंच्या दाराशी आले. आत यायला संकोचत होते. शरच्चंद्रांनी हाताला धरून आत आणलं.

जूनमध्ये बाई कल्पना आणि तिच्या वडिलांबरोबर कॉलेजला गेल्या. प्रवेशाच्या खिडकीशी बसलेल्या बाबूनं काठीकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि त्यांनाच विचारलं, "बिटिया को संगीत दिला रहे हैं न? इन बच्चों के लिए वही अच्छा रहता है. सीट भी है."

वडील गडबडले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं आणि एक पाऊल मागे सरकल्या.

कल्पना खिडकीजवळ झाली. हातानं चाचपून तिनं कडा धरली.

"मुझसे पूछिए," ती म्हणाली. "इतिहास. और सर, आपके यहाँ के नोट्स किस फॉन्ट में हैं?"

बाबूला प्रश्न कळला नाही. त्यानं शेजारच्याला विचारलं, शेजारच्यानं आतल्या सरांना. थोड्या वेळानं इतिहासाचे सर स्वतः बाहेर आले. त्यांच्या हातात पेन ड्राइव्ह होता.

"टाइप तो सब पुराने में ही है, बेटा," ते म्हणाले. "क्यों, कुछ दिक़्क़त है?"

"दिक़्क़त नहीं है सर," कल्पना म्हणाली. "एक घंटा दीजिए और एक कंप्यूटर. मैं बताती हूँ."